ज्या नावावर कापलं, त्याच नावानं

दिंद्रुडला आमचं हार्डवेअरचं दुकान आहे. खिळे, पाइप, रंग, मोटारीचे स्टार्टर. संध्याकाळी गल्ला जुळला नाही तर मी जेवायला उशिरा बसतो, आणि हे घरात सगळ्यांनी मान्य करून टाकलेलं आहे. बायकोची शिलाई मात्र माझ्या हिशेबात कधी आली नाही. तिची मशीन, तिची गिऱ्हाइकं, तिचा पत्र्याचा डबा. त्या डब्याला कुलूप नव्हतं, पण मी कधी तो उघडला नाही.

गेल्या वर्षी तिला मोठं काम मिळालं. जवळच्याच एका निवासी शाळेनं मुलांच्या गणवेशांची शिलाई तिच्याकडे दिली. कापड शाळेचं, शिलाई हिची. साडेअकराशे जोड, जोडाला एकशे साठ रुपये. गल्लीतल्या चार बायका हाताखाली घेऊन तिनं ते काम पुढच्या खोलीत बसून उरकलं. आमची आई बटणं टाकायला बसायची. सत्तरी ओलांडली तरी तिला सुईत दोरा ओवायला चष्मा लागत नाही, आणि हे ती दिवसातून एकदा तरी ऐकवते.

एकच गोष्ट घरात होत नव्हती, ती म्हणजे काजं. सदऱ्याची काजं हातानं करायला बसलं तर वर्ष जाईल. त्यामुळं सदरे पोत्यात भरून माजलगावला पाठवायचे, तिथं काजाच्या मशीनवर काम व्हायचं, आणि पोती परत यायची. जाण्यायेण्यात वेळ गेला आणि शेवटचे गठ्ठे शाळेला उशिरा पोचले. शाळेच्या सरांनी तेव्हाच सांगून ठेवलं, "ताई, काम चांगलं आहे. दुसरा जोडही तुम्हालाच देऊ. पण पोळ्याच्या आत काजाची मशीन घरात आणा. नाहीतर आम्हाला दुसरीकडं द्यावं लागेल."

मशीन जुनी, पण चांगल्या अवस्थेतली, बीडच्या एका दुकानात होती. तिनं ती पाहून ठेवली होती. शाळेचं बिल आलं की मशीन घ्यायची, असं तिचं ठरलेलं.

बिल महाशिवरात्रीच्या आधी खात्यात आलं. मी दुकानातून जेवायला आलो तेव्हा ती मोबाइल हातात धरून उंबऱ्यातच उभी होती.

"अवो, एक लाख चौऱ्याऐंशी हजार यायला पायजे व्हते ना?"

"हो."

"मग हे एक लाख सत्तेचाळीस हजार दोनशे कावून आले?"

मी मनातल्या मनात वजाबाकी केली. छत्तीस हजार आठशे. बरोबर वीस टक्के. कंत्राटाच्या बिलातून आयकर कापतात हे मला ठाऊक होतं, पण एक टक्का. अठराशे चाळीस कापले असते तर मी दोन घास जास्त जेवलो असतो. तिनं शाळेच्या कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाई सरळ बोलल्या, "ताई, तुमचं पॅन कार्ड आधारला जोडलेलं नाही, म्हणून ते बंद पडलंय. बंद पॅनवर आम्हाला वीस टक्के कापावेच लागतात. नियमच आहे. रिटर्न भरा, परत मिळतील."

बायकांची मजुरी तिनं त्याच दिवशी वाटून टाकली. दोऱ्याचं, बटणांचं, विजेचं देणं भागवलं. उरलं त्यात मुलीच्या होस्टेलची फी गेली. मशीनचे पैसे म्हणजे नेमके ते कापलेले पैसे.

"दुकानातून देतो," मी म्हणालो. "परत आले की ठेव."

"न्हाई. दुकानातनं घेतले की मशीन दुकानाची झाली. माझे पैसे सरकारकडं हायेत. ते आले की घेईन."

"पोळ्याच्या आत नाही आले तर?"

"आणा मग तुमी. तुमाला हिशेब येतो ना?"

सोमवारी आम्ही दोघं माजलगावला करसल्लागाराकडे गेलो. माझी रिटर्न तेच भरतात. त्यांनी पॅन कार्ड हातात घेतलं आणि कॉम्प्युटरकडं तोंड करून विचारलं, "शेठ, मॅडमचं नाव काय?"

मी नाव सांगितलं. त्यांनी कार्डाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा कार्डाकडं पाहिलं.

"मग ह्या कोण?"

"मीच," शेजारून बायको म्हणाली.

कार्डावर तिचं माहेरचं नाव होतं. पुढं नवरा म्हणून माझं नाव आणि आमचं आडनाव, सगळं बरोबर. फक्त पहिलं नाव ते, ज्या नावानं ती शाळेत गेली. लग्नात आमच्याकडे नव्या सुनेचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, आणि ते तांदूळ गोळा होईपर्यंत बाई दुसरी होऊन जाते. रेशन कार्ड, मतदान, आधार, बँक, सगळीकडे तिचं ते ताटातलं नाव. पण लग्नानंतर एका विमा एजंटानं पॅन काढून दिलं, तेव्हा त्यानं पहिलं नाव दहावीच्या सर्टिफिकेटवरून घेतलं आणि आडनाव रेशन कार्डावरून. कार्ड पत्र्याच्या डब्यात पडून राहिलं. कर भरावा इतकं उत्पन्न नाही, म्हणून कुणी ते मागितलंही नाही.

सल्लागार हसायला लागले. "शेठ, आधार म्हणतंय एक बाई, पॅन म्हणतंय दुसरी. जोडणार कसं? दोन्हीकडं एक नाव करा. त्यासाठी आधी राजपत्रात नाव बदलल्याची जाहिरात द्यावी लागेल. मग हजार रुपये दंड भरून जोडणी. जूनमध्ये रिटर्न टाकू. मॅडमचं उत्पन्न करपात्र नाही, सगळे छत्तीस हजार आठशे परत येतील. वर व्याजपण. पण पॅन चालू झाल्याशिवाय एक रुपया सुटणार नाही."

"कोणतं नाव ठेवायचं?" बायकोनं विचारलं.

"ते तुमी ठरवा. सरकारला काही फरक पडत नाही."

घरी येताना बसमध्ये मी पावतीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दोन रकाने पाडले. एका बाजूला सासरचं नाव, दुसऱ्या बाजूला माहेरचं. सासरचं ठेवलं तर बदलायचा कागद एकच, पॅन. माहेरचं ठेवलं तर आधार बदला, बँक बदला, मतदान बदला, रेशन कार्ड बदला. खर्च, फेऱ्या, रांगा, सगळं मांडलं. तेलगाव येईपर्यंत उत्तर तयार होतं.

"सासरचं ठेवू," मी म्हणालो. "सगळीकडं तेच आहे. स्वस्तात होईल."

तिनं तो कागद नीट वाचला. मग घडी घालून माझ्या खिशात परत ठेवला.

"न्हाई. ज्या नावावर कापलं त्याच नावानं परत घेणार."

"अगं पण फेऱ्या किती..."

"फेऱ्या मी मारीन. तुमाला दुकान हाय."

मी नवरा म्हणून नाही, हिशेबाचा माणूस म्हणून दुखावलो. पण तिच्या बोलण्यात चूक सापडेना. ज्याच्याकडून घेतलं त्यालाच परत द्यायचं, हा नियम मी दुकानात कायम पाळतो. बिलावर जे नाव असेल त्यालाच माल परत.

आईला मात्र हे बिलकूल पटलं नाही.

"त्या नावात मी काय खोट ठिवली व्हती?" ती बटणांचा डबा आपटून म्हणाली. नाव आईनंच ठेवलेलं, हे मला त्या दिवशी नीट आठवलं. "कळवळा नसता तर असं नाव ठिवलं असतं का? शोधून ठिवलं व्हतं मी!"

"नाव चांगलंच हाय, आई," बायको म्हणाली. "मी कवा वाईट म्हणलं?"

"मग कावून टाकायलीस?"

"टाकत न्हाई. जुनं परत घ्यायले."

"जुनं घेतलं तर घरात एका नावाच्या दोघी व्हतील. हाक मारली तर ओ कुणी द्यायची?"

मी वर बघितलं. इतकी वर्षं मला वाटत होतं की नाव बदलायचा रिवाज, म्हणून बदललं. खरं कारण तेव्हा कळलं. बायकोचं माहेरचं नाव आणि माझ्या आईचं नाव एकच होतं. गल्लीतल्या जुन्या बायका आईला ज्या नावानं हाक मारतात, तेच नाव पॅन कार्डावर छापलेलं. आई ही आई असल्यामुळं ते माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

त्यानंतर घरात एक विचित्र आठवडा गेला. आई सुनेशी बोलायची, पण माझ्यामार्फत. दोघी एकाच चुलीपाशी, मधे एक हात अंतर, आणि मी बाहेर पेपर वाचत बसलेला.

"तिला म्हणावं, कुकर झाला."

"कुकर झाला," मी सांगायचो.

"आईला म्हणावं, ऐकलं मी."

"ऐकलं तिनं."

समोरच्या भांड्याच्या दुकानात माझा लहानपणापासूनचा मित्र बसतो. त्याला ही गोष्ट कळायला एक दिवस पुरला.

"काय बे, तुझ्या घरात म्हणे बायकोचं नाव बदलायलेत?"

"बदलत नाहीत. परत घेतायत."

"मग तुझं काय? लग्न नव्या नावाच्या बाईशी झालं व्हतं. ही दुसरीच निघाली." तो गिऱ्हाइकासमोर टेबलावर हात आपटून हसला. "पुन्यांदा अक्षता टाकाव्या लागतील बे!"

"टाकायला ये. आहेर आण. स्टीलची परात दे."

दुसऱ्या सोमवारी दुपारी मी जेवायला आलो तेव्हा पुढच्या खोलीत चारही बायका शिवायला बसल्या होत्या. लग्नसराईचं ब्लाऊजचं काम होतं. आई हुकं लावत होती. चारजणींत एक जरा धीट आहे. तिनं सहज विचारलं, "मावशी, तुमचं माहेरचं नाव तरी हेच का?"

आईचा हात थांबला.

"न्हाई."

"मग?"

मी ताट पुढ्यात घेऊन बसलो होतो, बायको भाकरी वाढत होती. आम्ही दोघंही तसेच थांबलो. मग आईनं पदर तोंडाला लावला आणि एक नाव घेतलं. इतकं हळू की पंखा चालू असता तर ऐकू आलं नसतं. ते नाव मी पन्नाशीत पहिल्यांदा ऐकलं. लहान पोरीचं वाटावं असं नाव होतं.

"लई गोड हाय की!" ती बाई म्हणाली.

"माझी माय हाक मारायची त्या नावानं. ती गेल्यापासून कुणी घेतलं न्हाई." आई हसत होती, आणि पदर तोंडावरून काढत नव्हती. "इथं आले तवा सासूनं हे ठिवलं. आठवडाभर मला कळायचंच न्हाई, हाक मला मारायलेत म्हणून. सासू म्हणायची, पोरगी बहिरी दिली बघा."

खोलीत हशा पिकला. बायको भाकरी हातात घेऊन तशीच उभी होती.

"मलाबी तसंच झालं व्हतं, आई," ती म्हणाली. "तुमी हाक मारायच्या आन मी इकडं तिकडं बघायचे."

"ठावं हाय. मला वाटलं, हीबी बहिरीच हाय." आईनं हूक लावलं, दोरा दातानं तोडला. "घे तुझं तू. माझं तरी कुठं मूळचं हाय? एका नावाच्या दोघी झाल्या तर झाल्या. दोघी ओ देऊ."

मग ती माझ्याकडं वळली. "आन तू काय ऐकायलास? तिला म्हणावं... न्हाई, मीच म्हणते. सूनबाई, ह्याला कालवण वाढ."

पुढचं सगळं कामाचं होतं आणि बायकोनं ते शब्द दिल्याप्रमाणं स्वतः केलं. राजपत्राचा अर्ज, मग आधार केंद्र, मग बँक. बँकेत नाव जुळलं नाही तर परतावा आला तरी खात्यात पडणार नाही, हे तिनंच मला सांगितलं. मी फक्त एकदाच सोबत गेलो, आधार केंद्रात, कारण त्या दिवशी दुकान बंद होतं. तिथल्या माणसानं विचारलं, "नाव?" तिनं ते इतक्या खणखणीत आवाजात सांगितलं की रांगेतली माणसं वळून बघायला लागली. नवा फोटो काढताना तो म्हणाला, "काकू, हसायचं नसतं." तिला हसू आवरेना. तीनदा काढावा लागला.

वैशाखात जोडणी झाली. हजार रुपये दंड भरला आणि पॅन चालू झालं. जूनमध्ये शाळेकडचा कापलेल्या कराचा दाखला आला आणि सल्लागारांनी रिटर्न टाकली. मग सुरू झालं वाट बघणं.

शाळेचा फोन आषाढात आला. "ताई, मशीन आली का?" तिनं सांगितलं, "येईल." "पोळ्यापर्यंत थांबतो. पुढं नाही थांबता येणार." फोन ठेवल्यावर ती बराच वेळ मशीनचं चाक नुसतंच फिरवत बसली. मी पुन्हा दुकानातून पैसे देऊ का म्हणून विचारलं. तिनं मान हलवली. माझा आग्रह नव्हता असं नाही, पण तिचा नियम मला आता पाठ झाला होता.

रोज सकाळी अंघोळ झाल्यावर ती मोबाइलवर परताव्याची स्थिती बघायची. आई विभूती लावून पूजेला बसता बसता विचारायची, "आला का गं?"

"प्रक्रिया चालू हाय म्हणतंय."

"रोज तेच म्हणतंय. दुसरं काई येतच न्हाई का त्याला?"

श्रावण लागला. पहिला सोमवार गेला, दुसरा गेला. मी पंचांगात पोळा किती लांब आहे ते बघायचं सोडून दिलं होतं, कारण बघितल्यानं तो लांब जात नव्हता. तिसऱ्या सोमवारी आई आणि ती महादेवाच्या देवळातून आल्या. मी पडवीत चप्पल घालत होतो. बायकोचा मोबाइल वाजला. तिनं वाचलं, पुन्हा वाचलं, आणि मला दाखवला.

सदतीस हजार सातशे वीस.

मला राहवलं नाही. छत्तीस हजार आठशे मूळ, नऊशे वीस व्याज. महिन्याला अर्धा टक्का, एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत पाच महिने. मी जूनमध्ये काढून ठेवलेला आकडा, रुपयाला रुपया जुळला. गल्ला जुळल्यावरही इतका आनंद मला कधी झालेला नाही.

"म्हणजे सरकारनं दंड घेतला हजार," मी म्हणालो, "आणि व्याज दिलं नऊशे वीस. ऐंशी रुपयांनी तोटा. राजपत्राची फी, फोटो, बसभाडं वेगळंच."

"ते धरू नका," ती म्हणाली. "ऐंशी रुपयांत नाव परत मिळालं म्हणा."

मी वहीत तसंच लिहिलं. खर्चाच्या बाजूला, ऐंशी रुपये, नाव. माझ्या वहीत यापेक्षा स्वस्त खरेदी दुसरी नाही.

त्याच दुपारी तिनं बीडच्या दुकानदाराला पैसे पाठवले. बिल कुणाच्या नावानं करायचं ते फोनवर तिनं सांगितलं, फक्त पहिलं नाव आणि आडनाव, अक्षर न अक्षर. मग शाळेला फोन केला. सर म्हणाले, "कापड परवा पाठवतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानात होतो. गल्लीत टेम्पो शिरताना दिसला म्हणून घराकडे आलो. ड्रायव्हर मागचं फळकूट पाडून बिल हातात घेऊन मोठ्यानं नाव पुकारत होता. आई उंबऱ्यावर उभी राहिली.

"ओ. कोण हाय?"

"आजी, मशीन आणलीय. नाव..." त्यानं पुन्हा बिलावरचं नाव वाचलं.

"मीच."

"मशीन तुमची?"

"नाव काय लिवलंय त्यावर?"

त्यानं तिसऱ्यांदा वाचलं.

"मग? आन हिकडं." आईनं त्याच्या हातातून पेन घेतलं आणि बिलावर सही केली. सही ती साक्षरतेच्या वर्गात शिकली होती. एक एक अक्षर कोरून, सावकाश, तिथं छापलेल्या नावाखाली तेच नाव.

तेवढ्यात आतून बायको आली, हाताला खडूची पूड लागलेली.

"आई, सही माझी लागती!"

"माझ्या नावाची हाय ना? मग बसली."

"अवो पण मशीन..."

"तुझीच हाय. काजं तू कर, बटणं मी टाकते. सही कुणी का करंना."

ड्रायव्हर गोंधळला. एकदा आईकडं, एकदा बायकोकडं बघून त्यानं बिल पुढं केलं. "ह्यातल्या नावाच्या बाई कोणत्या? नीट सांगा बरं."

"मी," दोघी एकदम म्हणाल्या, आणि एकमेकींच्या हाताला धरून हसायला लागल्या.

तो शेवटी माझ्याकडं वळला.

"मालक, तुमी तरी सांगा."

"मला कशाला विचारता?" मी म्हणालो. "बिलावर माझं पहिलं नाव कुठंय?" आणि मशीनचं एक टोक धरून त्याला दुसरं धरायला लावलं.